ॲस्बेस्टॉस काढण्याच्या कामात वेळ कुठे वाचवावा आणि कुठे वाचवू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या इमारतीचे नूतनीकरण सुरू होण्यापूर्वी तिच्यातील ॲस्बेस्टॉस काढायचे आहे. तळघरातील बॉयलरच्या खोलीत पाइपांवर उष्णतारोधक आवरण आहे, वरच्या मजल्यांवर छतात आणि पार्टिशनमध्ये ॲस्बेस्टॉसचे बोर्ड आहेत, आणि मागच्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत. कंत्राटदार सहा आठवडे मागतो, मालकाला चार आठवड्यांत जागा मोकळी हवी आहे, आणि प्रकल्प व्यवस्थापक म्हणून या दोघांच्या मध्ये आपण उभे आहात. सुरक्षिततेला धक्का न लावता दोन आठवडे कमी करता येतील का, असे आपण विचारले आहे.

बराचसा वेळ कमी करता येईल, पण बहुतेक मालकांना तो जिथून कमी व्हावा असे वाटते तिथून नव्हे. आवरण सोलणे, बोर्ड उतरवणे, म्हणजे ज्या क्षणी ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म, श्वासावाटे घातक तंतू हवेत सुटण्याची शक्यता असते त्या क्षणाची गती पदार्थ ठरवतो. मालकाची तारीख ती ठरवू शकत नाही. वेळ वाचतो तो काम सुरू होण्यापूर्वीच्या पाहणीत, काढण्याची पद्धत निवडण्यात, कामगारांच्या ये-जा करण्यात, कचरा बाहेर नेण्याच्या वाटेत आणि मंजुरीच्या, म्हणजे काढल्यानंतर जागा स्वच्छ असल्याची खात्री करण्याच्या, चाचण्यांच्या क्रमात. अशा कामांचा उशीर मी जिथे जिथे जवळून पाहिला, तिथे काळजी घेतल्यामुळे फारसा उशीर झालेला नव्हता. तो झाला होता अर्धवट पाहणीमुळे, मध्येच सापडलेल्या अनपेक्षित साहित्यामुळे आणि नापास झालेल्या मंजुरीनंतर पुन्हा कराव्या लागलेल्या सफाईमुळे.

या कामातील घाईचे एक वैशिष्ट्य आधीच समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. उंचीवरच्या कामात घाई केली तर माणूस पडतो, विजेच्या कामात घाई केली तर झटका बसतो, आणि त्याच दिवशी सर्वांना धडा मिळतो. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत तसे होत नाही. तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, श्वासावाटे आत गेले तरी खोकलासुद्धा येत नाही. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. म्हणजे आज ज्या पर्यवेक्षकाने कोरडेच सोलायला परवानगी दिली, त्याला आपल्या निर्णयाचा परिणाम त्या प्रकल्पात कधीच दिसणार नाही. उलट काम दोन दिवस आधी संपल्याबद्दल त्याची प्रशंसा होईल. ज्या चुकीची शिक्षा इतक्या उशिरा आणि दुसऱ्याच माणसाला होते, ती टाळण्याचे काम त्या क्षणीच्या सद्सद्विवेकावर सोडता येत नाही. कोणती पायरी कोणत्याही परिस्थितीत आखडायची नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवावे लागते.

पाहणीपासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक वेळ तिथेच वाचतो किंवा वाया जातो. इमारत वापरात असताना केलेली पाहणी आणि तोडफोडीपूर्वीची पाहणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दिसणारे आणि हाताशी येणारे साहित्य नोंदवले जाते. दुसरीत भिंती उघडाव्या लागतात, फॉल्स सीलिंगच्या वर चढावे लागते, फरशीखालचा डांबरी गोंद तपासावा लागतो, पाइपांच्या फ्लँजमधील गॅस्केट आणि बॉयलरच्या दाराची दोरी पाहावी लागते, लिफ्टच्या आणि पाइपांच्या उभ्या डक्टमध्ये उतरावे लागते. मालकाच्या फायलीत बहुधा पहिल्या प्रकारचा अहवाल असतो आणि त्याच्याच आधारावर निविदा काढली जाते. मग तिसऱ्या आठवड्यात पार्टिशनच्या मागे ॲस्बेस्टॉसच्या जुन्या फवारलेल्या थराचे अवशेष सापडतात, काम थांबते, नमुना प्रयोगशाळेत जातो, नव्या कामाची पद्धत लिहावी लागते, आणि काही ठिकाणी प्रशासनाला नव्याने सूचनाही द्यावी लागते. आपल्याकडे असलेला अहवाल कोणत्या प्रकारचा आहे हे आजच पाहा. तो पहिल्या प्रकारचा असेल, तर सहा आठवड्यांचा आकडाही विश्वासार्ह नाही, चारचा तर दूरच राहिला.

नमुन्यांबाबत एक छोटी पण उपयोगी गोष्ट सांगतो. संशयित साहित्याची तपासणी न करता ते ॲस्बेस्टॉसच आहे असे गृहीत धरून काम करणे पूर्णपणे सुरक्षित असते, आणि थोडेच साहित्य असेल तर निकालाची वाट पाहण्यापेक्षा ते जलदही ठरते. पण मोठ्या क्षेत्राबाबत तेच गृहीतक अत्यंत महाग पडते, कारण साध्या जिप्सम बोर्डासाठीही मग कामाची जागा प्लास्टिकने वेढून संपूर्ण बंदिस्त कक्ष उभारावा लागतो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली होणारी साहित्याची तपासणी फार वेळखाऊ नाही. म्हणून मोठ्या, एकसारख्या दिसणाऱ्या पृष्ठभागांचे पुरेसे नमुने आधीच घ्यावेत, आणि गृहीतकाचा आधार फक्त लहान व अडचणीच्या जागांपुरता ठेवावा.

पाहणीबरोबरच सुरू व्हायला हवी ती कागदपत्रांची प्रक्रिया. अनेक देशांत काम सुरू करण्यापूर्वी ठरावीक मुदतीची सूचना द्यावी लागते: ब्रिटनमध्ये परवानाधारक कामासाठी १४ दिवस, अमेरिकेत संघीय नियमांनुसार साधारणपणे कामाचे १० दिवस. १९८६ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १६२ क्रमांकाच्या करारातही तोडकामापूर्वी कामाची योजना तयार करणे बंधनकारक मानले आहे. ही मुदत घाईने कमी होत नाही, पण ती इतर तयारीच्या बरोबरीने चालू शकते. सूचना उशिरा गेल्यामुळे रिकाम्या बसलेल्या तुकड्या पाहिल्या की वाईट वाटते, कारण पुढे तेच गमावलेले दिवस प्रत्यक्ष काढण्याच्या कामातून भरून काढण्याचा दबाव येतो.

आता काढण्याच्या पद्धतीकडे वळतो. इथे माझे मत ठाम आहे: जलद आणि सुरक्षित या दोन्ही गोष्टी एकत्र साधायच्या असतील तर साहित्य शक्य तितके अखंड बाहेर काढावे. तळघरातील पाइप कायमचे बंद होणार असतील तर त्यांच्यावरचे आवरण सोलण्याची गरजच काय? जिथे पाइप उघडा आहे किंवा लहानशी जागा नियंत्रित पद्धतीने उघडी करता येते तिथे कापावे, आवरणासकट संपूर्ण लांबी जाड पॉलिथिनमध्ये गुंडाळावी, आणि तशीच उतरवून न्यावी. कापण्याच्या जागी ग्लोव्ह बॅग, म्हणजे आत हातमोजे जोडलेली बंद प्लास्टिकची पिशवी, बांधून तेवढाच भाग ओला करून काढता येतो. मीटरामागून मीटर आवरण खरवडण्याचा वेळ वाचतो आणि तंतू सुटण्याची संधीही कमी होते. मात्र पाइप रिकामे आणि थंड असले पाहिजेत, वजन पेलणारी उचलण्याची सोय हवी, आणि मूळ आवरण इतके जीर्ण नसावे की हलवताच गळू लागेल. बोर्डांनाही हेच लागू आहे. बोर्ड कटावणीने ओढून तोडणे झटपट वाटते, पण तुटलेल्या कडांतून तंतू सुटतात आणि चुऱ्याची सफाई दुप्पट वेळ खाते. प्रत्येक स्क्रू शोधून, त्याच्या डोक्यावरील रंग ओला करून खरवडून, व्हॅक्यूमचे तोंड शेजारी धरून तो उलटा फिरवला, तर बोर्ड अख्खा खाली येतो. कामगाराला प्रत्येक बोर्डामागे काही मिनिटे जास्त लागतात. ती मिनिटे मंजुरीच्या दिवशी व्याजासह परत मिळतात.

जिथे सोलण्याशिवाय पर्याय नाही, तिथे ओलावण्याचा प्रश्न येतो, आणि याच पायरीवर घाईचा सर्वात मोठा डोळा असतो. जाड आवरणावर वरून पाणी मारले की ते ओले दिसते, पण आत ते कोरडेच राहते. म्हणून सुयांच्या साहाय्याने कमी दाबाने, पृष्ठताण कमी करणारे द्रावण आवरणाच्या गाभ्यापर्यंत सोडावे लागते आणि ते मुरण्यासाठी थांबावे लागते. जाडी, घनता आणि वरच्या लेपानुसार हा काळ काही तासांचा, कधी रात्रभराचा असतो. तपकिरी ॲस्बेस्टॉस म्हणजे ॲमोसाइट हे पांढऱ्या क्रायसोटाइलपेक्षा पाण्याला अधिक विरोध करते, त्यामुळे नमुन्याच्या अहवालात कोणता प्रकार नोंदला आहे हे वेळापत्रक ठरवतानाच पाहावे. मुरण्याचा काळ कमी करण्याचा एकच सभ्य मार्ग आहे: तो मोकळ्या वेळेत घालवणे. संध्याकाळची पाळी संपताना दुसऱ्या दिवशीच्या भागात द्रावण सोडून ठेवले, तर सकाळी आवरण तयार मिळते आणि कोणी हातावर हात ठेवून बसत नाही. सोलताना मधला भाग कोरडा निघाला, तर तिथेच थांबून पुन्हा ओलवावे, हा नियम मुकादमाला तोंडपाठ असावा.

कोरडे काढणे आणि नीट ओलवून काढणे यांत हवेतील तंतूंच्या प्रमाणात शेकडो पटींचा फरक पडू शकतो. यावर काही जणांचे उत्तर असे असते की कामगारांनी मास्क घातलेलेच आहेत. हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या, पंख्याने हवा पुरवणाऱ्या मास्कचा संरक्षण गुणक ब्रिटनमध्ये ४० धरला जातो, म्हणजे आतील हवेत बाहेरच्या तुलनेत चाळिसावा हिस्सा तंतू असतील असे मानले जाते. कामगाराच्या श्वासातील तंतूंची तेथील मर्यादा दर घनसेंटिमीटर हवेत ०.१ तंतू आहे. म्हणजे बाहेर दर घनसेंटिमीटरला ४ तंतू असतील तोपर्यंत मास्क ही मर्यादा कशीबशी राखतो. घाईने, अर्धवट ओल्या आवरणामुळे ते प्रमाण १०० वर गेले, तर मास्कच्या आत २.५ तंतू येतील, मर्यादेच्या पंचवीसपट. आणि हे सुद्धा मास्क चेहऱ्यावर तंतोतंत बसलेला, दाढी गुळगुळीत केलेली, फिल्टर योग्य बसवलेला असे सगळे आदर्श धरून. मास्क ही शेवटची तटबंदी आहे. तिच्या भरवशावर पद्धतीतील आळस खपवून घेता येत नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाने आपली मर्यादा ०.१ वरून ०.०१ वर आणली, यावरून ही तटबंदी किती अपुरी समजली जाते हे लक्षात यावे. जी पद्धत काल मर्यादेत बसत होती ती उद्या बसेलच असे नाही, आणि नव्या मर्यादेत बसणारी पद्धत निवडणे हाच वेळापत्रकाचाही विमा आहे.

बंदिस्त कक्षाबद्दल फार लांबवत नाही. जाड पॉलिथिनचे आवरण, एअरलॉक म्हणजे ये-जा करण्याचा दुहेरी दारांचा कप्पा, हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) फिल्टरमधून हवा बाहेर खेचणारी यंत्रे आणि आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब, ही मांडणी सर्वत्र सारखीच आहे. दाबातील फरक किमान साधारण ५ पास्कल राखला जातो, आणि हवा तासाला ब्रिटनमध्ये ८ वेळा, अमेरिकेत ४ वेळा बदलली जावी असे मानक आहे. धूर सोडून गळती तपासण्याची चाचणी अर्ध्या दिवसाची वाटते म्हणून कोणी टाळू पाहत असेल तर ती टाळू देऊ नका. दाबाची सतत नोंद करणारे यंत्र आणि भोंगा लावा. रात्री वीज गेली आणि सकाळी कोणाला कळलेच नाही, तर त्या कक्षाबाहेरील जागेचीही तपासणी करावी लागते. यंत्राला पर्यायी वीजपुरवठा ठेवण्याचा खर्च त्या एका सकाळपेक्षा कमी असतो.

यानंतर येतो तो भाग ज्याकडे वेळापत्रक लिहिणारे लक्ष देत नाहीत: शुद्धीकरणाची रांग. कक्षातून बाहेर पडणारा प्रत्येक जण आधी आवरणवस्त्रावरील धूळ व्हॅक्यूमने काढतो, मग मास्क चेहऱ्यावर ठेवूनच शॉवरखाली जातो, आणि शेवटी स्वच्छ भागात कपडे घालतो. प्रत्येकाला शॉवरला १० मिनिटे लागतात असे धरा. आठ जणांना एकच शॉवर असेल, तर शेवटचा माणूस बाहेर यायला ८० मिनिटे लागतील. जेवणासाठी आणि पाळी संपताना असे दोनदा बाहेर पडले तर दिवसाचे अडीच तासांहून अधिक रांगेत जातात. याचा परिणाम केवळ वेळेवर होत नाही. रांग लांब असली की माणसे शॉवर आखडता घेतात, आणि तंतू केसांत, मानेवर घेऊन घरी जातात. कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीने कुटुंबातील माणसांना झालेले आजार या क्षेत्राच्या इतिहासात नोंदलेले आहेत. दुसरे शुद्धीकरण युनिट भाड्याने आणणे किंवा पाळ्यांच्या सुटण्याच्या वेळा अर्ध्या तासाने मागेपुढे ठेवणे, हा मला माहीत असलेला सर्वात स्वस्त वेगवाढीचा उपाय आहे. आपला कंत्राटदार चार आठवड्यांसाठी जास्त माणसे आणायला तयार असेल, तर त्याला पहिला प्रश्न शॉवरच्या संख्येचा विचारा.

कचऱ्याचेही तसेच. काढलेले साहित्य ओले असतानाच, ज्या ठिकाणी पडले तिथेच पिशवीत भरले पाहिजे. जमिनीवर ढीग साचला की तो पायांखाली तुडवला जातो, वाळतो, आणि त्या दिवशी हवेतील तंतू वाढतात. एक माणूस फक्त भरण्यासाठी ठेवला तर सोलणाऱ्यांची गती टिकते. पिशव्या दुहेरी, अर्ध्या-पाऊण भरलेल्या, बाहेरून पुसून काढलेल्या असाव्यात, आणि त्या बाहेर नेण्याचा एअरलॉक माणसांच्या वाटेपासून वेगळा असावा. परवानाधारक विल्हेवाट केंद्रात जागा आणि वाहतुकीची वेळ आधीच नोंदवून ठेवा. भरलेल्या पिशव्यांनी एअरलॉक तुंबला की आतले काम आपोआप थांबते.

आता क्रमाबद्दल. संपूर्ण इमारत एकच मोठा कक्ष करून, सगळे काढून, शेवटी एकदाच मंजुरी घेण्याची कल्पना मालकांना आवडते, कारण ती कागदावर सरळ दिसते. प्रत्यक्षात ती सर्वात धोक्याची आहे: शेवटच्या दिवशी एका कोपऱ्यात धूळ सापडली तर संपूर्ण क्षेत्र अडकते. त्याऐवजी काम विभागांत तोडा. एका विभागात मंजुरीची तपासणी चालू असताना दुसऱ्यात काढणे, तिसऱ्यात कक्ष उभारणे चालू राहील अशी साखळी बसवली तर तपासनीस, कामगार आणि परांचीवाले यांपैकी कोणीही रिकामे राहत नाही. लहान कक्ष लवकर साफ होतो, त्यातील हवा लवकर बदलते, आणि नापास झाला तरी तेवढाच अडतो. नूतनीकरणाच्या तुकडीला पूर्ण इमारत एकाच दिवशी लागत नाही हे लक्षात आणून दिले, तर मालकाचे चार आठवडे अनेकदा आपोआप मऊ होतात. त्याला पहिले दोन मजले तिसऱ्या आठवड्यात मिळाले तर शेडच्या पत्र्यांसाठी तो थांबू शकतो.

मंजुरी हा वेळापत्रकातील सर्वात जास्त दुर्लक्षित आणि सर्वात जास्त भांडणाचा भाग आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. ब्रिटनमध्ये ती चार टप्प्यांत होते: जागेची स्थिती आणि काम पूर्ण झाले आहे का याची प्राथमिक तपासणी, डोळ्यांनी केलेली बारकाईची पाहणी, हवेचे नमुने, आणि कक्ष उतरवल्यानंतरची अंतिम पाहणी. लोकांना वाटते की खरी परीक्षा तिसऱ्या टप्प्यात, हवेच्या यंत्रावर होते. माझ्या मते कस लागतो तो दुसऱ्या टप्प्यात. टॉर्च तिरपा धरून, शिडीवर चढून, केबल ट्रेच्या वरच्या बाजू, पाइप भिंतीतून जातात ती भोके, कंसांच्या मागच्या कडा, स्क्रूची रिकामी छिद्रे पाहणारा तपासनीस असेल, तर तिसरा टप्पा बहुधा बिनघोर पार पडतो. आणि ही पाहणी कोरड्या पृष्ठभागावरच करावी लागते. ओल्या काँक्रीटवर धूळ दिसत नाही, पाणी ती धरून ठेवते आणि वाळल्यावर सोडते. त्यामुळे शेवटच्या सफाईनंतर वाळण्याचा वेळ वेळापत्रकात स्वतंत्र ओळीने लिहिलेला असला पाहिजे. तो लिहिलेला नसेल तर कोणीतरी ओल्या कक्षात तपासनिसाला बोलावणार, तो परत पाठवणार, आणि एक दिवस जाणार. त्याचप्रमाणे पाहणीपूर्वीच भिंतींवर सीलंट फवारून सर्व चकचकीत करण्याचा मोह आवरावा. त्याखाली राहिलेली धूळ कोणालाच दिसत नाही, आणि पुढे कोणी भिंतीत ड्रिल मारेल तेव्हा ती बाहेर येईल.

हवेच्या चाचणीचा कालावधीही निसर्गनियमाने ठरतो. ब्रिटनच्या पद्धतीत मंजुरीसाठी दर मिलिलिटरला ०.०१ तंतू हा निर्देशांक आहे आणि तो विश्वासाने मोजण्यासाठी प्रत्येक नमुन्यात किमान ४८० लिटर हवा फिल्टरमधून ओढावी लागते. पंप मिनिटाला ८ लिटर ओढत असेल तर त्याला एक तास लागणारच. त्या काळात पृष्ठभाग झाडून धूळ उठवावी लागते. अमेरिकेत त्यासाठी जोरदार हवा फेकणारे यंत्र वापरतात. शांत हवेत घेतलेला नमुना नेहमीच चांगला येतो, आणि म्हणूनच त्याचा काही उपयोग नाही. वेळ वाचवायचा असेल तर तपासनिसाला सूक्ष्मदर्शकासह जागेवरच बसवा. नमुना शहरापार प्रयोगशाळेत पाठवण्याऐवजी त्याच दुपारी मोजला गेला तर प्रत्येक विभागामागे एखादा दिवस सहज वाचतो. सहा विभाग असतील तर हे लहान नाही. हवेचे नमुने मोजायला वापरला जाणारा फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शक ॲस्बेस्टॉसचे तंतू आणि इतर तंतू यांत फरक करत नाही, त्यामुळे कक्षात काचतंतू किंवा कापसाची धूळ राहिली तरी आकडा वाढतो. सफाई करताना हेही ध्यानात असू द्या.

जास्त माणसे आणि जास्त पाळ्या यांबद्दल मी साशंक आहे. कक्षात संपूर्ण अंग झाकणारे आवरणवस्त्र घालून, मास्कमधून श्वास घेत, हात वर करून काम करणाऱ्या माणसाचे शरीर लवकर तापते. थकलेला माणूस मास्क थोडा वर सरकवून घाम पुसतो, आवरणाची चेन गळ्यापाशी उघडतो, शेवटचा अर्धा मीटर कोरडाच ओढून काढतो. विश्रांतीची वेळ कापून मिळवलेला तास या तीन मार्गांनी परत जातो. दोन पाळ्या हव्याच असतील तर दुसऱ्या पाळीला स्वतंत्र पर्यवेक्षक द्या, आणि एका पाळीने दुसरीला जागेवर उभे राहून काम सोपवावे असे ठरवा. तोच माणूस दोन्ही पाळ्यांत राबतो आहे असे दिसले, तर ती दुसरी पाळी नव्हे.

इथे एक मुद्दा सांगितल्याशिवाय राहवत नाही. तंतूंच्या भीतीत इतर धोके विसरले जातात, आणि ते मात्र त्याच दिवशी जीव घेतात. सिमेंटचे पत्रे जुने झाले की ठिसूळ होतात. त्यांच्यावर पाय ठेवून वेळ वाचवणारा माणूस थेट खाली जातो. शेडचे काम खालून, वर-खाली होणाऱ्या यांत्रिक मचाणावरून, किंवा पत्र्याखाली जाळी बांधून करावे. हुक बोल्ट ग्राइंडरने न कापता बोल्ट कटरने कापावेत, आणि पत्रे फेकून न देता अखंड उतरवावेत. कक्षात पाणी फवारणार तिथला वीजपुरवठा आधी तोडलेला असला पाहिजे, तात्पुरत्या दिव्यांची जोडणी सुरक्षित असली पाहिजे, आणि प्लास्टिकने वेढलेल्या त्या जागेतून आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट प्रत्येकाला माहीत असली पाहिजे. वीज आणि वाफ तोडण्याची कामे इमारतीच्या देखभाल विभागाकडून वेळेवर होत नाहीत, हेही रखडण्याचे नेहमीचे कारण आहे. ती पहिल्या आठवड्यातच तारखेसह लिहून घ्या.

शेवटी करार, कारण जागेवरची वागणूक बहुतांशी करारातूनच घडते. प्रत्येक दिवसाच्या उशिराला दंड आणि सोललेल्या चौरस मीटरला पैसे, अशी अट असेल तर कंत्राटदार वेगाने सोलेल, बाकीचे नंतर बघेल. त्याऐवजी प्रगती मंजूर झालेल्या क्षेत्रात मोजा आणि पैसे त्यावरच द्या. हवेची आणि मंजुरीची तपासणी करणारा तपासनीस कंत्राटदाराने नव्हे, मालकाने नेमावा, आणि त्याचे बिल निकालावर अवलंबून नसावे. अनपेक्षित साहित्य सापडले तर काय करायचे, कोणाला कळवायचे, किती वेळात निर्णय व्हायचा, आणि त्या दिवसांचा दंड लागू होणार नाही, हे आधीच लिहिलेले असावे. ते लिहिलेले नसेल तर सापडलेले साहित्य लपवण्यातच प्रत्येकाचा फायदा असतो. आणि काम थांबवण्याचा अधिकार पर्यवेक्षकाला आणि तपासनिसाला, दोघांनाही, परवानगी न मागता असावा.

हे सगळे आपल्या सहा आठवड्यांवर लावले तर मला असे दिसते. तळघरातील पाइप कापून अखंड नेले, तर सर्वात मोठी बचत तिथेच आहे. वरच्या मजल्यांचे बोर्ड विभागवार काढून, तपासनीस जागेवर ठेवून आणि दुसरे शुद्धीकरण युनिट आणून काही दिवस आणखी मिळतील. शेड ही वेगळ्या तुकडीला समांतर देता येईल, कारण तिथे कामाचे स्वरूपच वेगळे आहे. एवढे जुळून आले तर चार ते साडेचार आठवडे शक्य आहेत. पण बॉयलरवर सोलावेच लागेल असा भाग असेल, त्याच्या ओलावण्याचा आणि वाळण्याचा काळ मी एका तासानेही कमी करणार नाही, आणि आपणही मालकाला तो कमी करण्याचे आश्वासन देऊ नये. त्या भागासाठी पाचवा आठवडा राखून ठेवा, बाकीची जागा त्याआधी सोपवा, आणि प्रत्येक विभागाच्या मंजुरीचे प्रमाणपत्र तसेच जिथे जाणीवपूर्वक साहित्य बंदिस्त ठेवले आहे त्या जागांचा नकाशा नूतनीकरणाच्या तुकडीच्या हातात त्याच दिवशी द्या, म्हणजे पुढच्या महिन्यात कोणी ड्रिल घेऊन तिथे जाणार नाही.